हैदराबादची शर्यत गेली, तेव्हा कोणी ओरडलं का नाही?

प्रति,
भारतात आंतरराष्ट्रीय मोटर शर्यती भरवणारी सर्व मंडळी: फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, शर्यतींचे हक्क आणणाऱ्या कंपन्या आणि त्यासाठी रस्ते व पैसा देणारी राज्य सरकारं

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातला. राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या कडेला माझं ट्रॅक्टर आणि मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. हाच रस्ता पुढे पैनगंगा ओलांडून आदिलाबाद, निर्मल करत हैदराबादला जातो. आमच्याकडून हैदराबाद साधारण साडेतीनशे किलोमीटर. मुंबई त्याच्या दुप्पट लांब, दिल्लीचं तर नावच नको. त्यामुळे ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागरच्या काठावर फॉर्म्युला ईची, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची, शर्यत झाली, तेव्हा जागतिक अजिंक्यपदाची शर्यत पहिल्यांदाच आमच्या आवाक्यात आली. रात्री गाडी काढायची, पहाटे शहरात पोहोचायचं, शर्यत बघून दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं. फेब्रुवारी महिनाही सोयीचा होता. तूर घरात आलेली असते, कापसाची शेवटची वेचणी उरकत आलेली असते, हातात थोडा पैसा असतो.

पुढच्या वर्षीची तारीखही ठरली होती, १० फेब्रुवारी २०२४. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणात सरकार बदललं आणि जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात शर्यत रद्द झाल्याचं जाहीर झालं. करार पाळला गेला नाही, असं शर्यतवाल्यांनी सांगितलं. नव्या सरकारने खर्चावर आणि व्यवहाराच्या पद्धतीवर बोट ठेवलं. पुढे पैशांच्या प्रकरणात गुन्हाही नोंदला गेला. त्यात कोण खरं, कोण खोटं हे ठरवायला कोर्ट आहे, मी त्यात पडत नाही. मला सलतं ते वेगळंच आहे. एवढी मोठी शर्यत हातातून गेली आणि लोकांमधून साधा आवाजही उठला नाही. हैदराबादेत नाही, आमच्याकडे तर नाहीच. पेपरात आतल्या पानावर बातमी आली आणि विषय संपला.

आधी शर्यतीबद्दल बोलतो. तक्रार करणाऱ्याला शर्यतच आवडली नव्हती, असा कोणाचा समज व्हायला नको.

मला ती मनापासून आवडली. विजेवरची गाडी म्हणजे कसली शर्यत, आवाजच नाही, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आवाज असतो. बारीक, चढत जाणारा, कानाला धार लावल्यासारखा. शिवाय पेट्रोलच्या गाडीत इंजिनाखाली दबून जातं ते सगळं इथे ऐकू येतं: टायर डांबरावर ओरबाडल्याचं, गाडीचं पोट रस्त्याच्या उंचवट्यावर घासल्याचं, भिंतीला पुसटसा स्पर्श झाला तर त्याचंसुद्धा. वळणाच्या जवळ उभं राहिलं की ब्रेक कोणी लवकर धरला आणि कोणी उशिरा, हे डोळे मिटूनही कळतं. त्या वर्षी आलेल्या जेन थ्री, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या, गाडीला मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेकच नव्हते. मागची मोटरच उलटी काम करून गाडी आवरते आणि तीच वीज परत बॅटरीत भरते. शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेपैकी किमान ४० टक्के ऊर्जा अशी ब्रेक मारता मारता मिळवता येते, असं ही गाडी बनवणाऱ्यांनीच सांगितलं होतं. ज्याने आयुष्यभर ब्रेक शू बदलले, त्याला हे वाचून पुन्हा शाळेत जावंसं वाटतं. मला तरी वाटलं.

पोल पोझिशन, म्हणजे शर्यत सुरू होताना सर्वांत पुढची जागा, ठरवायची त्यांची रीत तर आमच्या माणसाला समजावून सांगावीच लागत नाही. आधी दोन गट, प्रत्येक गटातले पहिले चार पुढे, आणि मग एकास एक. एका वेळी मैदानात दोनच गाड्या, ज्याचा वेळ कमी तो पुढच्या फेरीत. आमच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडीवर जोडी सोडतात, अगदी तसंच. हैदराबादला जॅग्वारच्या मिच इव्हान्सने अशा रीतीने पोल घेतली. शर्यतीत मात्र हेअरपिनच्या, म्हणजे एकदम उलटं फिरणाऱ्या, वळणावर त्याच्याच संघातल्या सॅम बर्डची गाडी त्याच्यावर आदळली आणि जॅग्वारच्या दोन्ही गाड्यांचा दिवस तिथेच संपला. शेवटच्या फेऱ्यांत सर्वांत पुढे असलेल्या ज्याँ-एरिक व्हर्नकडे बॅटरीतली ऊर्जा कमी उरली होती, मागे निक कॅसिडी चिकटून होता, तरी व्हर्नने त्याला वाट दिली नाही. कुठे सोडून द्यायचं आणि कुठे दाबून धरायचं, ही अक्कल त्या फेऱ्यांत बघायला मिळाली. शर्यत फक्त वेगाची नसते हे ज्याला बघायचं असेल, त्याने तेवढ्या फेऱ्या बघाव्यात.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. त्या शर्यतीत दोन संघांवर भारतीय नाव होतं. एक महिंद्रा, जो या मालिकेत पहिल्या हंगामापासून आहे, आणि दुसरा जॅग्वार टीसीएस. पण शर्यतीत उतरलेल्या चालकांमध्ये आपला एकही नव्हता. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवर, शर्यती जिंकून आलेला, तो त्या वर्षी महिंद्राचा राखीव चालक होता. पुढच्या हंगामात त्याला मासेराटीच्या गाडीत पूर्ण हंगामासाठी जागा मिळाली. आणि त्याच हंगामातली भारतातली शर्यत रद्द झाली. घरच्या प्रेक्षकांसमोर धावायची त्या पोराची संधी कागदपत्रांत गेली. दुसऱ्या कोणत्याही खेळात असं झालं असतं, तर चार दिवस टीव्हीवर चर्चा चालली असती.

आता शंकरपटाचं सांगतो, कारण माझं खरं म्हणणं त्यात आहे.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. आमच्या भागातले पट थांबले. तळेगाव दशासरचा पट म्हणजे अख्ख्या विदर्भाचा पट, तोही त्या तडाख्यातून सुटला नाही. तेव्हा लोक गप्प बसले नाहीत. निवेदनं गेली, तहसीलवर माणसं गेली, आमदारांना गावात अडवून विचारलं गेलं. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, तोही कोर्टात अडकला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. टोचणी, चाबूक बंद झाले, पशुवैद्यकाची तपासणी आली, अर्ज-परवानगीचे सोपस्कार आले. लोकांनी ते सगळं मान्य केलं, कारण पट हवा होता.

इतकी वर्षं ज्याच्यासाठी माणूस धीर धरतो, त्याच्याशी त्याचं नातं काय असतं ते बघा. पटाला आलेल्या म्हाताऱ्याला विचारा. ही जोडी कोणाची, उजवा बैल कुठून आणला, मागच्या पटात जोडीने किती वेळ दिला, धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, कोण, तो कोणाकडे शिकला, सगळं तोंडपाठ. बक्षिसाची रक्कम गावाच्या वर्गणीतून आलेली. मैदान साफ करायला शाळेतली पोट्टी. वेळ सेकंदाच्या भागांत मोजतात आणि पंचाने चूक केली तर दोनशे माणसं एका सुरात सांगतात. असा प्रेक्षक असला की तो खेळ सहजासहजी कोणी काढून घेऊ शकत नाही. काढून घेतला तरी तो परत आणतो.

मोटर शर्यतीला भारतात असा प्रेक्षक आपण तयारच केला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं पत्र त्याचाच विस्तार आहे.

फॉर्म्युला वनचं बघा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, हरमान टिल्के यांनी आखलेलं. चालकांनीही त्या ट्रॅकचं कौतुक केलं. ३० ऑक्टोबर २०११ ला पहिली शर्यत झाली, सचिन तेंडुलकरने चौकटीचा झेंडा दाखवला, तिन्ही वर्षं सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. २०१३ ला तर त्याने तिथेच चौथं विश्वविजेतेपद पक्कं केलं आणि मुख्य स्टँडसमोर गाडी गरागरा फिरवून धूर काढला. त्याबद्दल त्याला ताकीद मिळाली आणि संघाला दंड झाला, पण ज्याने तो प्रसंग पाहिला त्याला गाडीसमोर गुडघे टेकून वाकलेला व्हेटेल अजून आठवतो. पहिल्या वर्षी स्टँड भरलेले दिसत होते, तिसऱ्या वर्षापर्यंत गर्दी बरीच रोडावली होती. मग शर्यत हा खेळ मानायचा की करमणूक, आणि त्यावर कर किती, यावर राज्य सरकारशी घोळ झाला. २०१४ चं वर्ष गाळलं, २०१५ ला परत येऊ म्हणाले, ते आलेच नाहीत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फॉर्म्युला वनचे हक्क असलेल्या परदेशी कंपनीला भारतात कर लागू होतो असा निकाल दिला. म्हणजे शर्यत गेल्यावर चार वर्षांनी कराचा एक मुद्दा सुटला! हा निकाल चूक की बरोबर, हे मी बोलणार नाही. कर लागणार असेल तर लागावा, आमच्या दुकानालाही लागतो. पण तो किती आणि कोणी भरायचा, हे पहिली गाडी विमानातून उतरायच्या आधी कागदावर यायला हवं होतं.

मोटरसायकलींच्या मोटोजीपी शर्यतीची गत तशीच. सप्टेंबर २०२३ ला त्याच ट्रॅकवर शर्यत झाली. मार्क मार्केझसारख्या विश्वविजेत्याचा व्हिसा वेळेत मिळेना, परदेशी मंडळी अडकून पडली. उकाडा इतका होता की मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणली. मार्को बेझेकी जिंकला, शर्यत झकास झाली. पुढच्या वर्षी काही नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आणि तारीख कोणती धरली होती? सरावाचा पहिला दिवस २२ सप्टेंबर. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं, गणपती बसलेले होते. विदर्भातला कोणता माणूस त्या दिवशी घर सोडून नोएडाला जाईल? जगाच्या वेळापत्रकात आपल्या सणांना जागा काढता येत नाही, हे मला समजतं. पण ज्या महिन्यात लोक येऊ शकतात तो महिना मागून घेण्याइतकं तरी तुम्ही भांडायला हवं. फेब्रुवारी मिळाला होता, तोही गेला.

आता तुम्ही काय करावं, याबद्दल.

करार किमान पाच वर्षांचा करा आणि तो लोकांसमोर ठेवा. सरकार बदललं तरी शर्यत टिकेल अशी त्याची बांधणी हवी. पैसा कोण देणार, राज्याचा वाटा किती, सुरक्षेचा खर्च कोणाचा, हे पहिल्या दिवशी उघड असेल तर नंतर चौकशीची वेळ येत नाही. शहरातल्या रस्त्यावर शर्यत घ्यायची असेल तर दरवर्षी काँक्रीटचे ठोकळे आणायचे, जाळ्या बसवायच्या, रस्ता बंद करायचा, पुन्हा सगळं काढायचं, आणि या काळात तिथल्या दुकानदाराने, रोज कामाला जाणाऱ्याने शिव्या द्यायच्या. ज्या देशात नोएडाचा पक्का ट्रॅक आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईचा आहे, कोइमतूरचा कारी आहे, तिथे दरवेळी नव्या शहराचा रस्ता उकरायची गरज मला दिसत नाही. माझ्यासाठी हे तिन्ही ट्रॅक हैदराबादहून लांब आहेत, तरीही हे म्हणतो. शर्यत एका जागी दहा वर्षं राहिली तर मी पैसे साठवून जाईन. दरवर्षी जागा बदलली किंवा शर्यतच गेली, तर साठवून करायचं काय?

दुसरं, भाषा. आयपीएलचं मराठी समालोचन आमच्या गावात पानटपरीवर चालू असतं, कबड्डीचं असतं. मोटर शर्यतीचं मराठी समालोचन मी कधी ऐकलं नाही. युरोपातली फॉर्म्युला वनची शर्यत आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. गाईचं दूध काढून झालेलं असतं, वावरातून माणसं परतलेली असतात, दुकानासमोर बाज टाकलेली असते. याहून चांगली वेळ कोणती? मी मोबाइलवर शर्यत लावतो तेव्हा भोवती सात-आठ जण जमतात. पहिल्या पाच फेऱ्या बघतात आणि विचारतात, हा गाडी आत कशाला घेऊन गेला, त्याचे टायर आता कोणते, हा पुढे असून पहिला का नाही. मी जमेल तसं सांगतो. एकदा सांगितलं की पुढच्या वेळी त्यातले निम्मे स्वतःहून येतात. इंग्रजीत चाललेल्या गोंगाटातून त्यांना काहीच लागत नाही आणि ते उठून जातात. दूरदर्शनच्या फ्री डिशवर आठवड्याला अर्धा तास, मराठीत, तेलुगूत, तमिळमध्ये, गाडीची आणि शर्यतीची माहिती देणारा कार्यक्रम करा. हैदराबादच्या एका शर्यतीच्या खर्चापुढे तो किती लागेल, हे तुम्हीच मोजा.

तिसरं, आमची पोरं. यवतमाळ, वणी, पांढरकवडा, कुठल्याही आयटीआयमध्ये जा. डिझेल मेकॅनिक, मोटर मेकॅनिक, इलेक्ट्रिशियनचे वर्ग भरलेले आहेत. शर्यतीत मार्शल लागतात, तेही शेकडो. झेंडे दाखवायला, रुतलेली गाडी बाहेर काढायला, आग विझवायला, गाड्या तपासायला. हे काम जगभर बहुतेक हौशी लोक करतात. आयटीआयच्या पोरांना ते शिकवा, प्रमाणपत्र द्या, शर्यतीच्या दिवशी बसने न्या. जो पोरगा एकदा ट्रॅकच्या कडेला पिवळा झेंडा घेऊन उभा राहिला, तो महामार्गावर मागच्या चाकावर गाडी चालवणार नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. माझ्या गॅरेजमध्ये वाकलेले फोर्क आणि फुटलेल्या टाक्या घेऊन जी पोट्टी येतात, त्यांना वेगाचं वेड आहे आणि ते वेड जिरवायला सुरक्षित जागा नाही. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर काळजी वाढली आहे. घरचे म्हणतात, गाडीच काढून घ्या. मी म्हणतो, त्याला हेल्मेट, नियम आणि मैदान द्या.

शेवटचं, आणि सगळ्यात सोपं. ऑटोक्रॉस तालुक्याच्या गावी आणा. त्याला डांबर लागत नाही. मोकळं मैदान किंवा पीक निघालेलं वावर, खुणेचे शंकू, दोरखंड, वेळ मोजायचं यंत्र, रुग्णवाहिका, अग्निशमनाची गाडी आणि तुमचे जाणते अधिकारी. एका वेळी एकच गाडी, तीही घरची, तपासून घेतलेली. विदर्भात पटाची मैदानं आहेत, गर्दी सांभाळायची सवय असलेली गावं आहेत, सेकंदाच्या भागाची किंमत कळणारे डोळे आहेत. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला तो कोइमतूरचा, आणि कोइमतूरमध्ये आधीपासून शर्यतीचं वातावरण होतं. ट्रॅक होता, गाड्या बनवणारी माणसं होती, बघणारी माणसं होती. चालक आकाशातून पडत नाही. आमच्याकडे यातलं बघणारं माणूस आहे, त्याला अजून कोणी बोलावलेलं नाही.

येत्या मार्चमध्ये, हरभरा निघाल्यावर, आमच्या गावाजवळ असा एक दिवस भरवायची आमची तयारी आहे. मैदान सपाट करायला ट्रॅक्टर आणि ब्लेड आम्ही देऊ. पाण्याचा टँकर, मांडव, जेवण, राखणीला माणसं गाव देईल, ग्रामसभेत त्यावर बोलणंही झालं आहे. आम्हाला तुमच्याकडून हवा आहे तो नियमांचा कागद, एक निरीक्षक आणि वेळ मोजणारं यंत्र घेऊन येणारा माणूस. परवानगीचा अर्ज कोणत्या नमुन्यात आणि कोणाकडे करायचा, विम्याची सोय कशी असते, आणि पोलीस खात्याला आधी कळवायचं की तुम्हाला, एवढं या पत्राच्या उत्तरात कळवावं. जमलं तर मराठीत किंवा हिंदीत. अर्ज भरणाऱ्यांमध्ये मी एकटा नाही.

आपला,
मोटर शर्यतींचा एक चाहता
केळापूर तालुका, जि. यवतमाळ